बाबा, घोडे आणि आम्ही : एका मोतद्दाराची आठवण

म्हादईची लेक

माझे बाबा गेल्या महिन्यात गेले. बाराव्याला आमचा अर्धा सत्तरी तालुका लोटला होता. जो तो त्यांच्या घोडेमोडणीबद्दल, म्हणजे शिगम्यातल्या (आमच्या गोव्याकडच्या होळीच्या सणातल्या) घोड्याच्या नाचाबद्दल बोलत होता, आणि ते खरंच आहे. कमरेला लाकडी घोडा बांधून बाबा मांडावर (गावातल्या नाचाच्या जागेवर) उतरले की ढोलवाल्यांच्या हातालाही जोर यायचा. पण दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मुंबईला रेसच्या नादात होते ना ते?" हा प्रश्न आम्ही भावंडं शाळेत असल्यापासून ऐकत आलोय. त्याचं उत्तर एकदा नीट, सगळ्यांना वाचता येईल असं लिहून ठेवायचं आहे.

बाबांनी जन्मात एका रुपयाचा डाव लावला नाही. ते महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते. रेसच्या दिवशी पेपरात घोड्याचं नाव छापून येतं, मालकाचं येतं, ट्रेनरचं आणि जॉकीचं येतं. त्या घोड्याला पहाटे उठवणारा, त्याची लीद काढणारा, अंगाला खरारा करणारा, खूर साफ करणारा, रात्री त्याच्या दाराशी झोपणारा माणूस कुठेच छापून येत नाही. मी त्या माणसाबद्दल लिहितेय.

बाबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा ते गुरं राखायचे. पुढे भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यातल्या एकीत ते वयाने मोठे असूनही लहान पोरांबरोबर पहिलीला बसले. चौथी झाली, अक्षर वळणदार झालं, एवढंच शिक्षण. मिसरूड फुटायच्या आत पणजीहून आगबोटीने मुंबईला गेले. गावातलं कोणीतरी रेसकोर्सवर होतं, त्याने नेलं. अंगाने काटक, वजन नावापुरतं आणि जनावराची भीती नाही. अशा पोराला तिथे लगेच काम मिळतं. सुरुवातीची काही वर्षं ते सकाळच्या सरावाला घोड्यावर बसायचेही. मग एक घोडा उधळला, त्याने त्यांना रेलिंगवर आपटलं, उजवा गुडघा कायमचा अधू झाला. तेव्हापासून ते जमिनीवरूनच घोडे सांभाळत राहिले. मला विचाराल तर खरे घोडेवाले ते त्यानंतर झाले. पाठीवर बसणाऱ्याचं काम सकाळी थोडा वेळ असतं. उरलेले सगळे तास घोडा ज्याच्या हातात असतो त्याला तो कळतो.

एका मोतद्दाराकडे दोन-तीन घोडे असायचे. दिवस पहाटे साडेतीनला सुरू. अंधारात तबेल्याची कडी काढायच्या आधी ते बोलायला लागायचे, "हांव आसां रे, हांव आसां" (मी आहे रे, मी आहे). घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. मागून गुपचूप गेलात तर लाथ ठरलेली. म्हणून आधी आवाज द्यायचा, मग खांद्याच्या बाजूने जाऊन मानेवर हात ठेवायचा, मग काय ते काम. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरी आल्यावरही ते आमच्या पाठीमागून कधी आले नाहीत. आई चुलीपाशी पाठमोरी असली तर उंबऱ्यापासूनच बोलत यायचे. त्यांनी आम्हाला कधी दचकवलं नाही, कधी मागून ओढलं नाही. इतर घरांतले बाप बघितले तेव्हा मला याची किंमत कळली.

दुसरा त्यांचा हात. सरावाहून घोडा आला, अंग निवेपर्यंत फिरवून झाला, की ते दुखरा गुडघा एका बाजूला पसरून त्याच्या पुढच्या पायाशी बसायचे. ढोपराखालची मागची शीर अंगठा आणि दोन बोटांत धरून हात सावकाश खाली घोट्यापर्यंत आणायचे. आधी डावा पाय, मग उजवा, मग परत डावा. एक पाय दुसऱ्यापेक्षा जरासा जरी ऊन लागला तरी उठून ट्रेनरला सांगायला जायचे. घोडा लंगडायच्या आधी शीर बोलते, असं म्हणायचे. शाळेच्या सुट्टीत आईबरोबर मुंबईला गेले होते तेव्हा हे मी शेजारी बसून पाहिलंय. बाबांचे डोळे मिटलेले, आणि घोडा मान वाकवून त्यांच्या टोपीचा वास घेतोय.

आता घरचं सांगते. पावसाळ्यात रेस पुण्याला, हिवाळ्यात मुंबईला, त्यामुळे रजा कधीच सोयीची नसायची. पागेतली कितीतरी माणसं कोकणातली. गणपतीला सगळ्यांनाच गावाला जायचं असतं. बाबांनी त्यांच्याशी ठरवूनच टाकलं होतं : गणपतीला तुम्ही जा, तुमचे घोडे मी बघतो, मला शिगम्याला सोडा. त्यामुळे आमच्याकडे चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला काका असायचे आणि बाबा पुण्यात दुसऱ्यांच्या घोड्यांनाही पाणी पाजत असायचे. चवथ झाली की त्यांचं आंतर्देशीय पत्र यायचं. आम्हा तिघा भावंडांना तीन भाग, मध्ये पट्टीने मारलेली रेघ. आईचा मजकूर आतल्या घडीवर, तो आम्ही वाचायचा नाही असा नियम होता आणि तो आम्ही पाळला. माझ्या भागात बहुतेक वेळा घोड्यांचंच काहीतरी असायचं. एकदा लिहिलं होतं की रेसच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, मग शिंगरू कुठल्याही महिन्यात जन्माला येवो. मी ते वर्गात वाचून दाखवलं होतं.

आणि ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा बाबांच्या नोकरीची बरीच वर्षं बाकी होती. कोकण रेल्वे तोवर सुरू झाली होती. रात्रीच्या गाडीने निघून ते थिवीला उतरले आणि परत कामावर गेलेच नाहीत. बांबोळीच्या हॉस्पिटलातून आईला घरी आणलं. तिथे व्यायाम शिकवले होते. नातेवाईक म्हणाले, हे पुरुषमाणसाला जमायचं नाही, एखादी बाई ठेवा. बाबा म्हणाले, "मी इतकी वर्षं दुसरं काय केलंय?"

शीर दुखावलेल्या घोड्याला आधी पूर्ण विश्रांती देतात. मग रोज थोडाच वेळ हातात धरून चालवायचं. काही दिवसांनी तो वेळ किंचित वाढवायचा. पाय ऊन लागला की वाढवलेलं कमी करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. घाई केली की घोडा गेला. आईच्या बाबतीत त्यांनी तंतोतंत हेच केलं. अंगणात पोफळीचे वासे आडवे बांधून कठडा केला. सकाळी ऊन चढायच्या आधी आणि संध्याकाळी गुरं परतायच्या वेळेला ते तिच्या अधू बाजूला उभे राहून, काखेत हात घालून चालवायचे. प्रत्येक फेरीनंतर तिला खुर्चीत बसवून, खोबरेल कोमट करून, पोटरीपासून घोट्यापर्यंत तोच हात. आई वैतागायची, "मी काय तुमची घोडी आहे?" बाबा म्हणायचे, "घोडी ऐकते तरी." दुसऱ्या वर्षीच्या चवथीला आईने पाटावर बसून स्वतःच्या हाताने नेवऱ्या (करंज्या) भरल्या. तिला नीट मुरड घालता येत नव्हती. त्या वर्षीच्या नेवऱ्या बाबांनी कोणाला दुरुस्त करू दिल्या नाहीत, तशाच तळल्या आणि तशाच नैवेद्याला ठेवल्या.

इथे कोणी घोड्यांच्या कामातले असतील, मुंबई-पुण्याला बाबांसारख्यांबरोबर राहिलेले असतील तर जरूर लिहा. आणखी एक. बाबा नेहमी विचारायचे, सत्तरीत कोणाच्या दारात खरा घोडा नाही, मग शिगम्यात हा लाकडाचा घोडा आला कुठून? मला कधी धड उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी सांगावं.

---

डिचोलीवाला

लेख आवडला असं कसं म्हणू ताई. बाबांना नमस्कार.

मी त्यांना मोडणी करताना बघितलंय. डाव्या हातात लगाम, उजव्यात तलवार, पायात घुंगरू, हे सगळ्यांचंच असतं. पण बाकीचे गडी लगामाचा हात ताशाबरोबर वर-खाली नाचवतात. यांचा हात पोटाशी खाली, जागच्या जागी, अगदी स्थिर असायचा. तेव्हा वाटायचं म्हातारपणामुळे असेल. आज तुमचं वाचून लक्षात आलं की ज्याने खऱ्या घोड्याचं तोंड हातात धरलंय तो लगामाला हिसका देणारच नाही.

आणखी एक सांगतो. ते उजवा पाय किंचित मागून ओढून टाकायचे. आता कळलं की ते गुडघ्याचं दुखणं होतं. पण पुढे जाताना दोन पावलं आणि मग तो ओढलेला पाय, हा ठेका आज तुमच्या भागातली तरणी पोरं जशीच्या तशी मारतात. त्यांना ती जुनी रीतच वाटते.

---

सात रस्ता

ताई, मी तुमच्या बाबांना ओळखत होतो असं ठामपणे वाटतंय. गोव्याचे, लंगडत चालणारे, घोड्याशी कोकणीत बोलणारे असे तिथे एकच होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मी पोरगा असताना शेजारच्या तबेल्यात पाणी भरायला होतो. पुढे दुसरीकडे नोकरी लागली, पण घोड्यांचं जे काही येतं ते त्यांनीच शिकवलेलं.

एक रात्र सांगतो. त्यांच्याकडची एक फिली (तरुण घोडी) संध्याकाळी चंदी (दाणा) खाईना. मध्येच मान वळवून आपल्याच कुशीकडे बघायची, पुढच्या पायाने जमीन उकरायची. मामांनी तिच्या पोटाला कान लावला आणि मला डॉक्टरांकडे पळवलं. पोटशूळ होता. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं वरून परत येत नाही. म्हणून आपल्याला साधं वाटणारं पोटदुखणं घोड्याचा जीव घेऊ शकतं. डॉक्टरांनी नळी घातली, इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, लोळू देऊ नका, चालवत ठेवा. मामांनी तिला त्या लंगड्या पायाने पहाटेपर्यंत गोल फिरवली. मी दोनदा म्हटलं, मामा, दोरी माझ्याकडे द्या. म्हणाले, "ती माझ्या पावलांवर चालतेय, तुझ्या नाही चालायची." उजाडताना तिने लीद टाकली. ती लीद हातात घेऊन मामा इतके खूश झाले की काय सांगू. मग त्यांनी तिच्यासाठी कोंड्याचं कोमट पातळ केलं, तिने दोन घास खाल्ले, आणि त्यानंतर त्यांनी स्वतः पहिला चहा घेतला.

डाव लावण्याबद्दल. चाळीतले, नाक्यावरचे लोक त्यांच्या मागे लागायचे, मामा टीप द्या. त्यांचं उत्तर ठरलेलं : "आज त्याला बरं वाटतंय, एवढंच मला माहीत." घोडा जिंकला की मालक खुशीने मोतद्दाराला बक्षिशी देतात. मामा ते पाकीट फोडायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन मनीऑर्डर.

माझ्याकडे त्यांचा एक फोटो आहे. फेब्रुवारीतला पहिला रविवार, डर्बीचा दिवस, पॅडॉकमध्ये (रेसच्या आधी घोडे फिरवतात त्या जागेत) घोडा फिरवताना. डर्बी म्हणजे चार वर्षांच्या घोड्यांची २४०० मीटरची रेस, त्या दिवशी तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलाय आणि बघतायत घोड्याच्या पायाकडे. शोधून टाकतो.

---

रानवाटा

तुमच्या बाबांबद्दल पूर्ण आदर ठेवून एक विचारते. रेस हा प्रकारच जनावराच्या जिवावरचा आहे असं मला वाटतं. चाबूक, दोन-तीन वर्षांच्या कोवळ्या पायांवर तो वेग, आणि पाय मोडला की गोळी किंवा इंजेक्शन. इतका माया करणारा माणूस हे रोज बघत कसा राहिला? धाग्याचा सूर बिघडवायचा हेतू नाही. खरंच जाणून घ्यायचं आहे.

---

सात रस्ता

रानवाटा, प्रश्न रास्त आहे. मामांनाही तो पडायचा. घोड्याला संपवायची वेळ आली की इतर लोक बाजूला व्हायचे. मामा थांबायचे. शेवटपर्यंत तोंडाची दोरी त्यांच्या हातात असायची, कारण अनोळखी हातात घोडा घाबरतो. त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. मी एकदा विचारलं की मग हे काम सोडत का नाही. म्हणाले, मी सोडलं तर घोडे थोडेच सुटणार आहेत, फक्त माझ्या जागी दुसरा येईल आणि तो कसा असेल कोणास ठाऊक. तुम्हाला हे उत्तर पुरेसं वाटेल असं नाही. मला मात्र त्या माणसाकडे बघून पटायचं.

---

जुनी पाने

म्हादईची लेक, बाबांच्या प्रश्नाबद्दल मला जे माहीत आहे ते लिहितो. प्रश्न फार चांगला आहे.

गोव्यात घोडे होते, आणि साधेसुधे नव्हे. दख्खनच्या सगळ्या राजांना लढाईसाठी अरबी घोडे लागायचे, ते होर्मुझ आणि अरबस्तानातून गलबतांतून यायचे आणि गोवा हे त्यांचं मोठं बंदर होतं. विजयनगर आणि बहमनी यांच्यात गोव्यासाठी इतकी ओढाताण झाली, महमूद गावानने १४७२ च्या सुमारास गोवा घेतला, त्यामागे हा व्यापार हे एक मोठं कारण होतं. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकर्कने गोवा जिंकल्यावर घोड्यांची जहाजं गोव्यातच आली पाहिजेत अशी सक्ती केली, आणि घोड्यांवरची जकात पोर्तुगीजांच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक झाली. १५४७ मध्ये त्यांनी विजयनगरशी तह केला, त्यात गोव्याला येणारे घोडे विजापूरला न जाता विजयनगरलाच मिळावेत असं कलम होतं. १५६५ ला तालिकोटच्या लढाईत विजयनगर पडलं आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईकच गेलं. तिथून हा व्यापार उतरणीला लागला.

फर्नांव नुनिश नावाच्या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने विजयनगरची हकीकत लिहून ठेवली आहे. त्यात तो साळुव नरसिंहाबद्दल सांगतो की हा राजा घोडे जिवंत असोत वा मेलेले, विकत घ्यायचा. वाटेत समुद्रात घोडा मेला तर त्याची नुसती शेपटी आणून दाखवायची, पैसे मिळायचे. ज्या समुद्रावरून घोडे आणणं इतकं जोखमीचं होतं, त्याच किनाऱ्यावर ते उतरायचे आणि मग सह्याद्री चढून घाटमाथ्यावर जायचे. सत्तरी त्या घाटाच्या पायथ्याशी. घोडा आपल्या लोकांनी बघितला तो असा, पुढे जाणारा. पाळला फार थोड्यांनी.

घोडेमोडणीचा संबंध मात्र लोक राणे घराण्याशी जोडतात, आणि मलाही तेच पटतं. सत्तरीचे राणे पोर्तुगीजांविरुद्ध वारंवार उठले. दीपाजी राण्यांनी १८५२ मध्ये नाणूसचा किल्ला घेतला आणि पुढची काही वर्षं सरकारला झुंजवलं. नंतर कुष्टोबा राणे, मग १८९५ चं बंड. शिगम्यातला तो फेटा, तलवार आणि पुढे-मागे होणारी चाल ही त्या स्वारांची आठवण. ज्यांच्या दारात घोडा नव्हता त्या कुळवाड्यांनी ती नाचून ठेवली. तुमच्या बाबांच्या रूपाने त्या नाचात खरा घोडेवाला आला, हे मला विलक्षण वाटतं.

---

माहेरवाशीण

सगळं वाचलं, डोळे भरून आले. तरी एक मनातलं लिहिते, रागावू नका. माझे वडील बोटीवर होते. वर्षातून एकदा यायचे, सगळ्यांचे लाडके. घर, शेत, सासू-सासरे, आमची आजारपणं हे आईने ओढलं आणि नाव झालं वडिलांचं. तुमच्या बाबांनी शेवटी आईचं केलं हे खरंच मोठं आहे. पण त्याआधीची ती सगळी वर्षं आईच्या वाट्याला काय होतं?

---

म्हादईची लेक

माहेरवाशीण, रागवायचं काय त्यात. हे मूळ लेखातच यायला हवं होतं, इतकं ते बरोबर आहे.

कुळागर (पोफळी-नारळाची बाग) आईने केलं. पाटाचं पाणी रात्री-अपरात्री जाऊन तिने वळवलं. भावाला हगवण लागली तेव्हा पावसात त्याला पाठुंगळी घेऊन वाळपईला ती गेली. आजीचं सगळं तिनेच केलं. बाबांना हे ठाऊक होतं आणि ते चारचौघांत बोलून दाखवायचे, म्हणून आजोबांना त्यांचा राग यायचा. मनीऑर्डर आजोबांच्या नावाने यावी असा घरात आग्रह होता. बाबांनी ती शेवटपर्यंत आईच्याच नावाने पाठवली. त्यावरून घरात मोठं वाजलं होतं. पोस्टमनने अंगणात उभं राहून आईची सही घ्यायची, आणि ओसरीवरून आजोबा बघायचे. पुढे थोडी जमीन घेतली तीही तिच्या नावावर.

बाबा आले की आम्हाला आईच्या तक्रारी सांगायचा चान्स मिळायचा, हे मात्र झालं नाही. बाबा गावी आल्यावर पहिले दोन दिवस काही बोलायचेच नाहीत. नुसते आईच्या मागे गोठ्यात, बागेत फिरायचे, ती सांगेल ते उचलायचे. म्हणायचे, नव्या पागेत गेलं की आधी तिथली रीत बघावी.

मला शिकायला साखळीला पाठवायचं की नाही यावर घरात वाद झाला. तेव्हा बाबांचं पत्र आलं, त्यात एकच ओळ होती : "आई म्हणेल तसं." आई म्हणाली, जा. म्हणून आज हे लिहितेय.

---

गुरांचा डॉक्टर

ताईंनी घोडीबद्दल लिहिलंच नाही, म्हणून मी लिहितो. तुमच्या गावात माझं जाणं-येणं आहे.

काही वर्षांपूर्वी बाबांचा निरोप आला की एक घोडी बघायला या. गोव्यात घोडी म्हटल्यावर मलाच नवल. वरातीची म्हातारी घोडी, लंगडते म्हणून मालकाने काढून टाकलेली. बाबांनी ती बेळगावकडून आणली होती. चोर्ला घाट टेंपोने उतरवली. आणि घाटभर बाबा तिच्या तोंडाशी उभे.

आपली हवा घोड्याला मानवत नाही. पावसाचे चार महिने जमीन ओली, त्याने खुराचा तळवा कुजतो, काळा वास मारणारा चिकटा सुटतो. वर घोडमाशा, त्यांच्यापासून सर्राचा ताप. चाराही हवा तसा मिळत नाही, आपल्याकडचं भाताचं पेंढ एकट्याने पुरत नाही. बाबांनी चिऱ्यांचा चौथरा घालून गोठा उंच केला, उतार काढला, संध्याकाळी कडुलिंबाचा धूर. खूर दिवसातून दोनदा उकरून कोरडे पुसायचे. एवढं माझ्या बघण्यातल्या दुसऱ्या कुठल्याही पाळणाऱ्याने केलेलं नाही. नालबंद घाटावरून दर महिन्या-दीड महिन्याने यायचा, कारण खूर नखासारखा वाढतच असतो.

तिचे दात मी घासले होते. म्हाताऱ्या घोड्याच्या दाढांच्या कडा धारदार होतात, गाल कापतात, मग अर्धवट चावलेले गोळे तोंडातून पडतात. कानशीने घासताना बाबा तिची जीभ एका हाताने बाजूला धरून उभे होते आणि ती हलली नाही. मला शिकताना कोणी असा मदतनीस मिळाला असता तर बरं झालं असतं.

एक विचारायचं होतं. घोडी आता कशी आहे? धनी गेल्यावर काही जनावरं खाणं सोडतात. चणा भिजवूनच देत जा, कोंडा ओला करून, मीठ घालून. पाणी किती पिते त्यावर लक्ष ठेवा, पंचवीस-तीस लिटरच्या खाली जाता कामा नये. लीद टाकली नाही किंवा कोरडी टाकली तर थांबू नका, मला लगेच फोन करा.

---

शिगमोवेडा

डॉक्टरसाहेबांना +१. ताई, बाबांचा लाकडी घोडा कोणाकडे आहे? आमच्याकडे नवीन करून घ्यायचा आहे. हल्ली थर्माकोलची तोंडं करतात, ती बघवत नाहीत. मूळचं तोंड कुठल्या लाकडाचं आहे, सांगाडा बांबूचा की वेताचा, एवढं कळलं तरी खूप.

---

म्हादईची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला रात्री सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. सात रस्ता यांनी लिहिलेली पोटशूळाची रात्र तिला माहीत होती, बाबांनी पत्रात लिहिली होती, तिच्या भागात. तिने मला पुढचं सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही.

रानवाटा, तुमचा प्रश्न मी बाबांना कधी विचारला नव्हता. एवढं सांगते की म्हातारी घोडी त्यांनी आणली तेव्हा भावाने पैशांवरून कुरकुर केली होती. बाबा म्हणाले, "एकीला तरी शेवटपर्यंत बघू दे."

जुनी पाने, शेपटीची गोष्ट वाचताना वाटलं की बाबा असते तर ताबडतोब विचारलं असतं, जहाजावर त्यांना पाणी कोण पाजायचं? तुम्हाला त्या नोकरांबद्दल कुठे काही वाचायला मिळालं तर नक्की लिहा. मलाही तेच जाणून घ्यायचं आहे.

डॉक्टर, पहिले तीन-चार दिवस तिने चंदीला तोंड लावलं नाही. भाचा बाजूला बसून राहिला. तो बाबांच्या हाताखाली तयार झालाय, आत शिरताना आवाज देतो. आता सकाळची चंदी पूर्ण खाते, संध्याकाळची अर्धी टाकते. लीद ठीक आहे. तुम्ही म्हणता तसं मीठ घालून बघतो. डाव्या मागच्या खुराला थोडा वास येतोय, या आठवड्यात जमलं तर एकदा येऊन जा.

शिगमोवेडा, तोंड फणसाच्या लाकडाचं आहे, आजोबांच्याही आधीचं. सांगाडा बांबूचा, तो दर काही वर्षांनी नवीन बांधावा लागतो. यंदा सुतक आहे, आमच्या घरचा कोणी मांडावर उतरणार नाही, पण घोडा गावच्या गड्यांना दिलाय. शिगम्याच्या आधी कधीही या, मापं घेऊन जा. तुमच्या सुताराला बरोबर आणलंत तर जास्त बरं, कारण कमरेला कसा बसतो ते बांधून बघितल्याशिवाय कळत नाही. वाळपईहून बस आहे, थांब्यावर कोणालाही विचारा.

सात रस्ता, तो पॅडॉकमधला फोटो मला हवाच आहे. आमच्याकडे बाबांचा मुंबईतला एकही फोटो नाही. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.